तीन शिट्ट्यांच्या बाई

मी मूळची साताऱ्याची. लग्न होऊन चेन्नईजवळच्या आवडी गावाला आले, कारण ह्यांची नोकरी इथल्या रणगाड्यांच्या कारखान्यात. कारखान्याच्या वसाहतीतल्या शाळेत मी तीस वर्षं हिंदी शिकवली. एका मराठी बाईनं तमिळ मुलांना शिकवलेली हिंदी. तिचं काय झालं असेल ते ज्याचं त्यानं समजून घ्यावं. एकदा दिल्लीहून निरीक्षक आले होते. मागच्या बाकावर पंधरा मिनिटं बसले आणि जाताना मला म्हणाले, "आपकी तमिल बहुत अच्छी है."

निवृत्त झाले त्याला दोन वर्षं झाली होती. मे महिन्यातली एक सकाळ. मी कैऱ्या किसत बसले होते आणि फोन वाजला.

"मिस, मैं आपका आज्ञाकारी छात्र बोल रहा हूँ."

इथली मुलं शिक्षिकेला मिसच म्हणतात. पण 'आज्ञाकारी छात्र' म्हणजे पत्रलेखनाचा शेवट, तो फोनच्या सुरुवातीला वापरणारा मुलगा मला लगेच आठवला. पत्राची सुरुवात कुठली आणि शेवट कुठला हे त्याला चार वर्षांत समजलं नव्हतं. आता तो सिनेमाचा दिग्दर्शक झाला होता. दोन सिनेमे करून झाले होते म्हणे, आणि तिसरा आमच्याच शाळेवर करायचा होता. शाळा नव्या इमारतीत गेली तेव्हापासून जुनी इमारत रिकामी पडून होती. तिथंच चित्रीकरण. शाळकरी मित्र, सायकली, पहिलं प्रेम, बारावीचा निरोप, असा त्या काळचा सगळा मामला.

"मिस, आपकी सहायता की अत्यंत आवश्यकता है," तो म्हणाला. अत्यंत आवश्यकता! माझं मन भरून आलं. इतका शुद्ध शब्द तो परीक्षेत लिहिता तर मी त्याला दोनदा नापास केलं नसतं.

सहायता कसली ते मी विचारलं नाही. मला वाटलं, उद्घाटनाला बोलावतील, नारळ फोडायला लावतील, शाल देतील. मी बसमध्ये चेंगरून घेत टी. नगरच्या बाजारातून एक सुती साडी आणली. शालीखाली उठून दिसावी म्हणून मोरपंखी.

दोन दिवसांनी दारात दोघीजणी उभ्या. एक तिशीतली, पाठीवर पिशवी, हातात वही. ती दिग्दर्शकाची सहायक. दुसरीला पाहून आमच्या इमारतीच्या वॉचमननं सलाम ठोकला होता, कारण ती टीव्हीच्या मालिकेत रोज संध्याकाळी सुनेला छळायची. प्रत्यक्षात बाई इतकी गरीब स्वभावाची, की चप्पल कुठे काढू हे तिनं तीनदा विचारलं.

सहायक मुलगी तंजावरच्या मराठी घरातली निघाली. "अमचे घरीं अस्के मराठीच बोलतात," ती म्हणाली. अस्के म्हणजे सगळे. शब्द शिवाजी महाराजांच्या काळचे आणि हेल पक्का तमिळ. ह्यांना इतका आनंद झाला, की ह्यांनी तिला आधी बसायला सांगितलं, मग आडनाव विचारलं, मग गोत्र विचारलं आणि मग मी ह्यांना कैऱ्यांना मीठ लावायला आत पाठवलं.

मग कळलं सहायता कसली ते. सिनेमात एक हिंदीच्या शिक्षिका होत्या. त्यांचं काम ही छळणारी सासू करणार होती. आणि त्या शिक्षिका म्हणजे मी.

"म्हणजे माझ्यासारख्या?" मी विचारलं.

"न्हवे," मुलगी वही उघडत म्हणाली. "तुम्हीच."

तीन दिवस नटीबाई रोज सकाळी दहाला यायच्या आणि माझ्या मागेमागे फिरायच्या. मी चालले की त्या चालायच्या. मी डावा खांदा खाली टाकून चालते, हे मला साठाव्या वर्षी त्यांच्याकडून कळलं. मी प्रत्येक वाक्यानंतर 'हां?' म्हणते. रागवायच्या आधी उजव्या कानाची पाळी ओढते. त्या हे सगळं वहीत लिहून घ्यायच्या आणि आरशासमोर उभं राहून करायच्या. तिसऱ्या दिवशी तर स्वयंपाकघराच्या दारात आम्ही दोघी समोरासमोर आलो, दोघींचेही डावे खांदे खाली, आणि दोघींनी एकदम 'हां?' म्हटलं. ह्यांनी पेपर तोंडावर धरला. पेपर गदागदा हलत होता.

ह्यांची तर चंगळच झाली होती. नटीबाई आल्या की स्वतः फिल्टर कॉफी करायचे आणि मला मदत करतो असं दाखवत माहिती पुरवायचे. "झोपेत शुद्धलेखन सांगते. पूर्णविरामासकट." नटीबाईंनी तेही लिहून घेतलं.

मी मात्र बिघडले. माझं चालणं माझं राहीना. भाजी आणायला निघाले की खांद्याकडे लक्ष जायचं. तो सरळ करायला जावं तर उजवा खाली यायचा. आवडी स्टेशनच्या जिन्यावर एका गृहस्थांनी विचारलं, "अम्मा, अंग धरलंय का?"

चौथ्या दिवशी सहायक मुलगी एकटीच संहितेची काही पानं घेऊन आली. संवादांतले हिंदी-मराठी शब्द मी तपासून द्यायचे होते. मराठी कुठून आलं? तर मी फार चिडले की हिंदी सोडून मराठीत शिव्या द्यायची, आणि दिग्दर्शकाला त्या सगळ्या पाठ होत्या. अर्थ माहीत नव्हता, पण पाठ होत्या. आता गंमत अशी, की तमिळ लिपीत क, ख, ग, घ ह्या सगळ्यांना मिळून एकच अक्षर. प आणि ब यांनाही एकच. त्यामुळे नटीबाईंच्या कागदावर जे होतं ते त्या वाचायच्या असं: "पावळट! काडवा!"

"हे तुम्ही दुरुस्त नाही केलंत?" मी मुलीला विचारलं. "तुम्हाला तर मराठी येतं."

"अम्ही घरीं कोणास गाढव म्हणत नाहीं," ती गंभीरपणे म्हणाली. "आणि हा 'मेल्या' कोण? पूर्ण चित्रपटांत हा माणूस येत नाहीं. तो मेला केव्हां?"

मी तिला मेल्या समजावून सांगत होते, तेवढ्यात माझी नजर पानाच्या वरच्या ओळीवर गेली. तमिळ मला सावकाश का होईना वाचता येतं. लिहिलं होतं: मूणु विसिल वर्गात येते.

मूणु विसिल म्हणजे तीन शिट्ट्या.

"ही कोण?" मी विचारलं.

मुलीनं वही मिटली. तिचा चेहरा एकदम शाळेतल्यासारखा झाला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. वर्गात गडबड झाली की मी म्हणे आधी 'श्श्श' करायची. मग थांबून दुसऱ्यांदा 'श्श्श'. मग तिसऱ्यांदा. आणि तिसऱ्यानंतर माझा स्फोट व्हायचा. मुलं बाकाखाली बोटांवर मोजायची, ओण्णु, रेंडु, मूणु, आणि मूणु झालं की डोकी खाली घालायची. प्रेशर कुकरच्या तीन शिट्ट्या. तीस वर्षं माझं हेच नाव होतं. मोठ्या भावानं धाकट्याला सांगायचं, धाकट्यानं शेजारच्याला. शाळेत नवीन मुलाला पाण्याचा नळ आणि माझं नाव, दोन्ही पहिल्याच दिवशी दाखवत.

मी आतल्या खोलीत गेले. हे पलंगावर कोडं सोडवत बसले होते.

"अहो, मुलं मला तीन शिट्ट्या म्हणायची."

"हो," हे म्हणाले. मग पेन्सिल थांबली.

"हो म्हणजे? तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, कारखान्यात सगळ्यांच्याच पोरांना तू शिकवायचीस. माझ्या विभागात मला विसिल सार म्हणायचे. माझ्या निरोप समारंभात मला फेटा बांधून एकानं त्याच नावावर भाषणही केलं. तू पहिल्या रांगेत होतीस. टाळ्या वाजवल्यास."

मला ते भाषण आठवलं. मला वाटलं होतं, रणगाड्याच्या एखाद्या भागाबद्दल बोलताहेत.

त्या दिवशी मी कुकर लावला नाही. भात उघड्या पातेल्यात केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोरपंखी साडी नेसले आणि जुन्या शाळेत गेले. शाल घ्यायला नव्हे, दिग्दर्शकाला चार शब्द सुनावायला. शब्द मी वाटेत तयार केले होते, शुद्ध हिंदीत, एकही मात्रा न चुकवता. हेही मागून आले. मी नको म्हटलं होतं, पण ते म्हणाले, "मी काही बोलणार नाही, फक्त उभा राहीन."

जुन्या इमारतीत पाऊल टाकलं आणि माझे निम्मे शब्द गळाले. फळा काळा केला होता. भिंतीला तोच फिका पिस्ता रंग लावला होता. दारावर 'बारहवी ब' अशी पाटी होती, 'बारहवीं'चा अनुस्वार राहिला होता, अगदी तेव्हा राहिला होता तसाच. वर्गात चाळीस मुलं-मुली गणवेशात बसलेली. खिडकीबाहेर मोठाले दिवे, आत घामाच्या धारा, कारण पंखे फिरले तर आवाज येतो म्हणून बंद ठेवलेले. नटीबाई माझ्यासारखी वेणी घालून फळ्याजवळ उभ्या. मला पाहून त्यांनी वाकून नमस्कार केला, डावा खांदा खाली टाकून.

दिग्दर्शक मात्र डोकं धरून खुर्चीत बसला होता. टक्कल पडायला लागलं होतं त्याला. मला पाहताच उठला आणि म्हणाला, "मिस, सर्वनाश हो गया."

झालं असं होतं, की सकाळपासून एकच दृश्य चाललं होतं. शिक्षिका तीन शिट्ट्या देते, वर्ग घाबरतो. एवढंच. पण वर्ग घाबरेना. आजची मुलं, सगळी अभिनयाच्या शिबिरांतून आलेली, चुणचुणीत. शिक्षकाला घाबरायचं म्हणजे नक्की काय करायचं ते त्यांना ठाऊकच नव्हतं. एकानं घाबरून किंकाळी फोडून दाखवली. एक मुलगी बेशुद्ध पडली, फार छान पडली. एकानं विचारलं, "सार, मिसकडे बंदूक आहे का?"

"एकदा माझ्यासमोर करून दाखवा," मी म्हटलं. चार शब्द नंतर सुनावू.

कॅमेरा नटीबाईंच्या पाठीमागून मुलांच्या चेहऱ्यांवर लावलेला. मी त्याच्या बाजूला, दाराच्या आडोशाला उभी राहिले. माझ्यामागे हे. दृश्य सुरू झालं. नटीबाई म्हणाल्या, "श्श्श." पोरं हसली. "श्श्श." पहिल्या बाकावरच्या मुलीनं जांभई दिली. तिसऱ्या बाकावर एकानं पाय लांब करून पुढच्या बाकावर टाकले होते. आणि शेवटच्या बाकावर एक पोरगं मान खाली घालून बसलं होतं. मला आधी वाटलं, चला, एक तरी घाबरलाय. मग त्याच्या हनुवटीखाली निळा उजेड दिसला. मोबाईल! ज्या काळावर सिनेमा चाललाय त्या काळात अख्ख्या आवडीत कुणाच्या हातात मोबाईल नव्हता, आणि हा माझ्या वर्गात, मांडीवर!

पुढचं मी ठरवून केलं नाही. माझा हात कानाच्या पाळीवर गेलेला मला जाणवला.

"श्श्श."

ती तिसरी होती.

"शेवटचा बाक! काय चाललंय? वर बघ, मेल्या! आणि तू, तिसरा बाक, पाय खाली घे! घरी असाच बसतोस? बावळट! गाढवा! उठा सगळे! उठा!"

चाळीसच्या चाळीस उठली. आवाज न करता, बाकाची कडा धरून. पहिल्या बाकावरच्या मुलीची जांभई अर्ध्यात मिटली. मोबाईलवाल्याचे ओठ थरथरत होते, आणि तो अभिनय नव्हता. मग मी पाहिलं तर दिवेवाले उभे होते. मेकअपवाला पावडरचा डबा छातीशी धरून उभा होता. निर्माते, जे कोइम्बतूरचे आणि ज्यांनी माझ्याकडे कधी एक अक्षर शिकलं नव्हतं, तेही वर खोचलेली लुंगी अदबीनं पायांपर्यंत सोडून उभे. दिग्दर्शकानं खाली मान घातली होती आणि तो बोटं मोजत होता. आणि माझ्यामागे, भिंतीला लागून, हेही ताठ उभे होते. अर्थात ते आधीपासूनच उभे होते, पण आता हात जोडलेले होते.

कॅमेरा चालूच राहिला होता. कॅमेरामननं नंतर मला सांगितलं, त्याला बंद करायची हिंमत झाली नाही.

तेच दृश्य सिनेमात आहे. सुनावायचे चार शब्द राहूनच गेले, कारण दिग्दर्शक माझ्या पाया पडला, मग नटीबाई पडल्या, मग रांगच लागली. मोबाईलवाला पोरगा शेवटी आला आणि इंग्रजीत म्हणाला, की इतकी भीती त्याला आयुष्यात वाटली नव्हती, आणि परत एकदा कराल का, त्याच्या आईला दाखवायचंय.

पण शाळेमागे जनरेटर चालू होता, त्यामुळे माझा आवाज नीट आला नव्हता. तो पुन्हा ध्वनिमुद्रित करायला हवा होता. आणि आता नटीबाईच हटून बसल्या, की पूर्ण सिनेमात आवाज ह्या मिसचाच पाहिजे, मला काडवा म्हणायला लाज वाटते.

म्हणून दोन महिन्यांनी मी आणि हे आवडीहून लोकलनं निघालो, पार्क स्टेशनला गाडी बदलली, कोडंबाक्कमला उतरलो आणि एका थंडगार स्टुडिओत गेलो. काळी खोली, समोर पडदा, एक मायक्रोफोन, आणि काचेपलीकडे कानाला हेडफोन लावलेला ध्वनिमुद्रक. पडद्यावर नटीबाईंची मान हलली की मी ओरडायचं.

मी ओरडले. ध्वनिमुद्रक काचेतून म्हणाला, "अम्मा, आणखी राग." पुन्हा ओरडले. "अम्मा, हे तुम्ही विनंती केल्यासारखं वाटतंय." अकरा वेळा झालं. मायक्रोफोनवर कसं रागवायचं हो? तो काय गृहपाठ विसरतो? सहायक मुलीनं मला गरम पाणी आणून दिलं आणि धीर देत म्हणाली, "घाबरूं नका. तुम्हांस येतें." माझ्याच रागाला लोक उत्तेजन देऊ लागले, तसा तो आणखीच आटला.

तेवढ्यात हे कोपऱ्यातून म्हणाले, "मी समोर बसू का?"

ह्यांना मायक्रोफोनच्या पलीकडे स्टुलावर बसवलं. आणि काय सांगू, माणसानं कमाल केली. आधी नुसते बसले. मग एक पाय दुसऱ्यावर टाकला. मग खिशातून शेंगदाणे काढले आणि एकेक वर उडवून तोंडात झेलू लागले. मी डोळे वटारले तर माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. त्यांना मी चौतीस वर्षं ओळखते. हा माणूस शाळेत कसा असेल ते मला त्या क्षणी लख्ख दिसलं. तिसरा शेंगदाणा मायक्रोफोनला लागून टण्ण वाजला.

"गाढवा!" मी म्हणाले.

ते एकदाच झालं आणि एकदाच पुरलं. काचेपलीकडे ध्वनिमुद्रकानं टेबलावरचे पाय खाली घेतले. शेंगदाण्याचा आवाज काढून टाकायला त्याला म्हणे अर्धा दिवस लागला. परतीच्या गाडीत हे फार खुशीत होते. "शाळेत मला कुणी बाई इतकं रागावल्या नव्हत्या," असं दोनदा म्हणाले.

सिनेमा लागला. पहिल्या रविवारी सकाळच्या खेळाला दिग्दर्शकानं आमच्या जुन्या वर्गांतल्या जमतील तेवढ्यांना बोलावलं होतं. पोट सुटलेली, केस पिकलेली मुलं आपापली मुलं घेऊन आली होती. काही शोळिंगनल्लूरच्या आयटी कंपन्यांतून, गळ्यातलं ओळखपत्र रविवारीसुद्धा न काढता. पडद्यावर 'श्श्श' झालं की अख्खं थिएटर मोजायचं, ओण्णु, रेंडु, आणि मूणुला मोठमोठी माणसं खुर्चीत खाली सरकायची. मी अंधारात हसून घेतलं. राग कधी गेला ते कळलं नाही.

शेवटचं दृश्य मात्र मला ठाऊक नव्हतं. त्यात माझं बोलणंच नव्हतं, त्यामुळे मला कुणी दाखवलं नव्हतं. बारावीचा निरोप. शाळेच्या दारात मुलं एकमेकांच्या सदऱ्यांवर सह्या करताहेत. आणि हिंदीच्या बाई, ज्या पूर्ण सिनेमाभर ओरडल्या, त्या काळा चष्मा लावून एकट्या कडुलिंबाखाली उभ्या आहेत. चष्म्याखालून पाणी वाहतंय. त्या रुमालानं टिपतात, पुन्हा वाहतं. नायक लांबून बघतो. त्याला त्या क्षणी कळतं, की ह्या बाईंचं आपल्यावर किती प्रेम होतं. व्हायोलिन वाजतं. माझ्या पुढच्या रांगेतला एक मोठा बँक मॅनेजर हुंदके देत होता.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"अगं, तेव्हा तुला..." हे कुजबुजले.

"गप्प बसा," मी म्हटलं.

तेव्हा मला मद्रास आय झाला होता. इथे डोळे येण्याला सगळे तेच म्हणतात. दोन्ही डोळे टोमॅटोसारखे लाल, चिकट, म्हणून काळा चष्मा. आणि मी एकटी कडुलिंबाखाली उभी होते, कारण मुख्याध्यापकांनी मला मुलांच्या जवळ जाऊ नका असं बजावलं होतं. तरी निम्म्या वर्गाला झालाच.

बाहेर आल्यावर दिग्दर्शकाला मी बाजूला घेतलं आणि खरं काय ते सांगून टाकलं. तीस वर्षांची सवय, चूक दिसली की लाल शाई लावायची.

तो लाजला. "मिस, मला माहीत आहे. मलाही झाला होता. परीक्षेत एक डोळा मिटून पेपर लिहिला मी." मग थोडा वेळ चपलेनं जमीन उकरत राहिला आणि म्हणाला, "पण मला एका डोळ्यानं तसंच दिसलं होतं."

मी त्याला पूर्ण गुण दिले.

तेवढ्यात नटीबाई गर्दीतून आल्या आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले. त्यांचे डोळे भरलेले होते. हे शेवटचं दृश्य त्यांना सगळ्यांत कठीण गेलं होतं म्हणे. ग्लिसरीन न लावता, खरंखुरं रडून केलं होतं. "मिस," त्यांनी विचारलं, "खरं सांगा, त्या दिवशी झाडाखाली उभं असताना तुम्हाला काय वाटत होतं?"

भोवती माझी चाळीस-पन्नास मुलं गोळा झाली होती. बँक मॅनेजर रुमाल हातात घेऊन वाट बघत होता. दिग्दर्शक माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होता. हे आकाशाकडे.

"डोळे फार चुरचुरत होते," मी म्हटलं.

सगळ्यांनी माना डोलावल्या. बँक मॅनेजरला पुन्हा हुंदका फुटला, आणि हे घाईघाईनं सगळ्यांसाठी कॉफी सांगायला गेले.